अचानक तोंड वाकडं झालंय (बेल्स पाल्सी) : करंट घ्यावा का, व्यायाम कोणते, कोल्हापुरात कुणाचा अनुभव?

क्लॅरनेटवाल्याची_लेक
नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण घरात प्रत्येकजण वेगळंच सांगाय लागलाय आणि माझं डोकं चालेना झालंय.

माझे पप्पा ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. वय ५४, शुगर आहे, गोळी चालू आहे. काल सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूनं आपोआप खाली यायला लागलं. आई म्हणाली नीट भरा की, तर आरशात बघतात तो तोंड डावीकडं ओढलेलं आणि उजवा डोळा मिटतच नाही. आम्हाला वाटलं वारं गेलं अंगावरनं. तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, मग म्हणाले भुवया वर करा. उजव्या कपाळावर एक आठी पडेना. आम्ही घाबरलो आणि डॉक्टर उलट निवांत झाले, म्हणाले हा मेंदूचा झटका नाही, बेल्स पाल्सी आहे, चेहऱ्याची नस सुजलीय. स्टिरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब, रात्रीचं मलम आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली.

आता गोंधळ असा की काका म्हणतात शुगरवाल्यानं स्टिरॉइड खायचंच नाही, म्हणून गोळ्या अजून पाकिटात. आत्या म्हणते हद्दीपलीकडं कर्नाटकात एका गावात लकव्याचं औषध देतात, रविवारी जाऊन येऊ. शेजारचे म्हणतात करंट घ्या, म्हणजे मशीननं गालाला विजेचे हलके झटके. फिजिओकडं फोन केले तर एक म्हणाले रोज करंट, दुसऱ्या म्हणाल्या करंट अजिबात नको. लग्नसराई तोंडावर आलीय आणि पप्पा एकच विचारतात, परत फुंकता येणार का? ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा प्लीज.

रंकाळ्याचा_राजा
काळजी करू नका ताई, माझ्या मामाला झालेलं, ठणठणीत हाय आता. तवर काळा गॉगल लावा म्हणावं, बँडमध्ये एकदम डॉन दिसतील.

ईएनटी_वाला
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, इथं फुकट सल्ले देत नाही शक्यतो, पण हे लगेच लिहायला पाहिजे. ताई, त्या गोळ्यांचं आत्ताच बघा. करंट, व्यायाम, आत्याबाईंचं गाव हे सगळं नंतर.

या आजारात ज्या एका औषधाचा फायदा नीट सिद्ध झालाय ते म्हणजे स्टिरॉइड, आणि ते पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद बोगद्यातनं जाते. दिवाळीच्या आदल्या दिवशी महाद्वार रोडवर गर्दीत जी अवस्था होते तीच समजा, त्यात नस सुजली की तिला पसरायला जागाच नसते, तिचीच तिला दाबणूक होते. स्टिरॉइडनं ती सूज उतरते. सूज कशानं येते? बहुतेकदा अंगात आधीच लपून बसलेला हर्पिस जातीचा विषाणू परत उठतो म्हणून, असा अंदाज आहे. वारं लागलं, रात्री पंख्याखाली झोपले, याला फारसा आधार नाही.

२००७ मध्ये स्कॉटलंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ९ महिन्यांनी साधारण ९४ टक्के पूर्ण बरे होते, न घेतलेल्यांत ८२ टक्के. फरक बघा, आणि न घेतलेल्यांचा आकडाही बघा.

शुगर वाढणार हे काकांचं खरंय. म्हणून औषध टाळायचं नसतं, शुगरवर लक्ष ठेवून द्यायचं असतं. ज्यांच्याकडं शुगरची ट्रीटमेंट चालू आहे त्यांना आत्ता फोन करा, "हे लिहून दिलंय, शुगरच्या गोळीत काय बदल करू" एवढं विचारा. मनानं डोस कमीजास्त करू नका.

क्लॅरनेटवाल्याची_लेक
सर, आत्ताच फोन केला. ते म्हणाले जेवणानंतर सुरू करा, घरात मशीन आहे तर सकाळ-संध्याकाळ शुगर बघून मला पाठवा. काकांना स्पीकरवरच ऐकवलं. पहिली गोळी दिली.

मंगळवार_पेठेतल्या_काकू
बाळा, गोळ्या दे त्याला काही म्हणत नाही, पण आत्या सांगतेय ते पण सोडू नको. आमच्या जाऊबाईंना असंच झालेलं. त्या गावातलं औषध आणलं, तीन रविवार पाळले, पथ्य म्हणून आंबट बंद, आणि महिन्याभरात तोंड जागेवर. डॉक्टरला एक रुपया दिला नाही. सगळंच काय थोतांड नसतं.

अर्धा_हसलेला
काकू, राग मानू नका पण ईएनटी सरांनी दिलेला ८२ चा आकडा परत वाचा. काहीच औषध न घेता दहातले सातआठ जण आपसूक बरे होतात. म्हणजे या आजारावर कोणी काहीही दिलं, अंगारा दिला, जायफळ उगाळून लावलं, कबुतर कापलं, तरी पेशंट बरा होणारच आणि श्रेय कबुतराला जाणार. जे दोन-तीन बरे होत नाहीत ते परत त्या गावाला जाऊन भांडत नाहीत, घरी गप बसतात.

मी त्या दोन-तिनांतला. माझं नाव बघून कळलं असेल. मला झालं तेव्हा घरच्यांनी मला अशाच एका ठिकाणी नेलं, तिथं गालाला कसलंतरी तेल चोळून गरम फडकं बांधलं आणि डॉक्टरकडं पोचेपर्यंत आठवडा उलटला. आता मी हसलो की उजवा डोळा मिटतो. घास चावताना त्याच डोळ्यातनं पाणी येतं, लग्नाच्या पंगतीत लोक विचारतात काय झालं, तिखट लागलं काय. याला सिंकायनेसिस म्हणतात, नसेचे धागे परत वाढताना चुकीच्या जागी जोडले जातात. डोळ्याचा हुकूम ओठाला आणि ओठाचा डोळ्याला.

रंकाळ्याचा_राजा
कबुतराला श्रेय 😂😂 लई भारी

मंगळवार_पेठेतल्या_काकू
कबुतराचं मी नाही म्हटलं हां. जाऊबाईंना पाल्याचं औषध होतं.

पेठकर
मला एक कळलं नाही, कपाळावर आठी पडत नाही म्हणून डॉक्टर निवांत कसे? जास्त भाग गेला म्हणजे जास्त वाईट ना?

ईएनटी_वाला
चांगला प्रश्न. इथं उलटं असतं. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडनं हुकूम येतो. मेंदूत एका बाजूला झटका आला तरी दुसरी बाजू कपाळ सांभाळते, म्हणून स्ट्रोकमध्ये ओठ वाकडा होतो पण भुवई वर जाते, आठ्या पडतात. बेल्समध्ये बिघाड मेंदूच्या खाली, खुद्द नसेतच असतो, त्यामुळं कपाळ, डोळा, गाल, ओठ सगळी एक बाजू एकदम जाते.

पण कृपा करून हे वाचून घरी निदान करत बसू नका. तोंड अचानक वाकडं झालं की आधी दवाखाना. हातपाय जड पडणं, बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं यातलं काही सोबत असेल तर एक मिनिट थांबायचं नाही. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याच्याआधी सीटी स्कॅन व्हायला लागतो, तो वेळ पण त्यातच धरायचा.

अजून एक. कानात, कानाच्या पाळीवर किंवा टाळूला पुरळ, फोड आणि जोराचा ठणका असेल तर तो रॅमसे हंट. कांजण्यांचा विषाणू. जस्टिन बीबरला २०२२ मध्ये हेच झालेलं. त्यात स्टिरॉइडबरोबर विषाणूवरचं औषध पण द्यावं लागतं. ताई, पप्पांचा कान टॉर्च मारून बघा.

क्लॅरनेटवाल्याची_लेक
बघितला, फोड नाहीत. कानामागं दुखतंय मात्र. आणि कुकरची शिट्टी झाली की उजव्या कानावर हात ठेवतात, म्हणतात कानात कोण तरी ताशा वाजवतंय. काल तांबड्या रश्श्याला पण सपक म्हणाले, आईला वाटलं आपलाच मसाला बिघडला.

ईएनटी_वाला
दोन्ही त्याच नसेचं काम. कानातला एक बारीक स्नायू मोठा आवाज दाबायचं काम करतो, तो झोपला की आवाज अंगावर येतो. आणि जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव पण याच नसेच्या फांदीतनं जाते. आईंच्या मसाल्याला दोष देऊ नका.

गडहिंग्लजकर
मसाल्याला दोष देणारा माणूस कोल्हापुरात जिवंत राहिलाच कसा हे पहिलं बघा.

मेडिकलवाला_शाहूपुरी
गोळ्यांचं झालं, आता डोळ्याचं कुणी बोलंना. माझ्या काउंटरवर येणारी माणसं गोळ्या घेतात आणि थेंब ठेवून जातात, म्हणतात डोळ्याला काय झालंय, तोंडाला झालंय की. अहो डोळा मिटत नाही म्हणजे बुबुळ उघडं. धूळ, पंख्याचं वारं, कोरडेपणा. त्यानं बुबुळावर जखम झाली तर तोंड सरळ होईल पण नजर अधू राहील.

दिवसा अश्रूसारखे थेंब, दर तासा-दोन तासानं घातले तरी चालतात. रात्री मलम, कारण ते टिकतं. मलमानं धूसर दिसतं म्हणून दिवसा नको. मग पापणी बोटानं हळू खाली ओढून कागदी चिकटपट्टी आडवी लावायची, पापणी पूर्ण बंद झाली का बघून मगच सोडायचं. अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर कापूस ठेवून वरनं पट्टी मारू नका, कापूस बुबुळाला घासतो. गाडीवर जाताना गॉगल पाहिजेच. राजा भाऊ मस्करीत बोलले पण बरोबर बोलले. डोळा लाल झाला, टोचायला लागला, उजेड सोसंना की त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं.

आणि स्टिरॉइड एकदा चालू केल्यावर लिहून दिलंय तसंच उतरवत आणायचं. बरं वाटलं म्हणून मधेच बंद नाही, आणि तोंड अजून वाकडंच आहे म्हणून जुनी चिठ्ठी घेऊन परत नेणं पण नाही. अशी माणसं येतात, मी देत नाही, मग ती चिडून पुढच्या दुकानात जातात.

इचलकरंजीची_सून
मला आठव्या महिन्यात झालेलं. गरोदरपणाच्या शेवटी शेवटी याचं प्रमाण वाढतं असं डॉक्टर म्हणाले होते. सासरी सगळ्यांनी ग्रहणाचं काढलं, कुणी म्हणालं सुरी धरली असशील. गायनॅक आणि ईएनटी दोघांनी बोलून गोळ्या दिल्या. बाळ झालं तेव्हा फोटोत मी एका बाजूनंच हसतेय, आता तो फोटो बघून पोरगी विचारते मम्मी तू रागवलीस का. पूर्ण बरी आहे. ताई, जेवताना त्यांना एक सांगा, उजव्या गालात घास साठतो ते कळत पण नाही. गालाचा स्नायू ढिला पडतो ना. प्रत्येक जेवणानंतर बोट घालून, चूळ भरून साफ करायचं नाहीतर दात किडतात. आणि पाणी पिताना उजवा ओठ दोन बोटांत धरायचा, सांडत नाही.

क्लॅरनेटवाल्याची_लेक
थँक्यू ताई, आज भाकरीचा तुकडा सकाळपासून गालातच होता, आत्ता काढला 🙈

आता मूळ प्रश्न. करंट घ्यायचा का नाही?

पेठकर
घ्यायचा. मी घेतलाय. राजारामपुरीत रोज जायचो, पॅड लावला की गाल टकाटक उडायचा, डोळ्यानं दिसायचं की स्नायू जिवंत हाय. दीड महिन्यात फरक. ज्याला झालंय त्यालाच कळतं, आकडे नंतर.

फिजिओ_सांगलीची
मी सांगली-मिरजेत प्रॅक्टिस करते, चेहऱ्याचे पेशंट बऱ्यापैकी बघते. कोल्हापूरची, सीमाभागातली माणसं मिरजेला येतातच.

करंटवर आमच्यातच दोन तट आहेत, त्यामुळं ताईंना दोन फिजिओंनी दोन उत्तरं दिली यात नवल नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा सगळ्यांनाच देत होतो. पण करंटनं नस लवकर जुळते याचा भक्कम पुरावा नाही. आणि करंट एका स्नायूला निवडून देता येत नाही, अख्खा गाल एकदम आखडतो. नस सावरत असताना अख्ख्या गालाला एकदम उडायची सवय लावली तर वर अर्धा हसलेला यांनी सांगितलं तसलं होण्याची भीती काही तज्ज्ञांना वाटते. ते पण शंभर टक्के सिद्ध नाही. म्हणून मी पहिल्या काही आठवड्यांत देत नाही. पेठकर, तुमचा गाल उडाला तो मशीननं उडवला, नस सुधारल्याची ती खूण नव्हे.

पेठकर
म्हणजे मी पैसे पाण्यात घातले म्हणता?

फिजिओ_सांगलीची
तसं नाही हो. तुम्ही रोज जात होता, कुणीतरी रोज चेहरा बघत होतं, व्यायाम करून घेत होतं, धीर देत होतं. त्याचा उपयोग होतोच. फक्त मशीनला किती श्रेय द्यायचं ते माहीत नाही.

रंकाळ्याचा_राजा
कबुतर पार्ट टू

पेठकर
राजा तू भेट पापाच्या तिकटीला 😠

पुण्यातला_कोल्हापुरी
व्यायाम तर सोपे आहेत, सगळ्या व्हिडिओत असतात. फुगे फुगवा, च्युइंगम चघळा, मेणबत्ती विझवा, शिट्टी वाजवा. दिवसातून जितके जास्त तितकं चांगलं.

गडहिंग्लजकर
अरे क्लॅरनेटवाल्याला फुगे काय सांगतोस मर्दा, तो माणूस तीस वर्षं फुंकतोयच की.

फिजिओ_सांगलीची
हेच लिहायला मी परत आले. फुगे आणि च्युइंगम नको, प्लीज. जोर लावून फुंकलं की चांगली बाजू सगळं काम ओढून घेते, तोंड अजून डावीकडं जातं आणि लुळ्या बाजूला काहीच शिकायला मिळत नाही. चघळणारे स्नायू तर वेगळ्याच नसेवर चालतात, मेंदूतनं निघणाऱ्या नसांतल्या पाचव्या. बेल्समध्ये सातवी गेलेली असते. दिवसभर च्युइंगम चघळलं तरी लुळ्या गालाला काही फरक पडत नाही.

मग करायचं काय? लुळं असताना जवळजवळ काही नाही. ओठापासनं कानाकडं बोटांनी हलका मसाज, खालनं वर, दाबून नाही. उजवा गाल हातानं थोडा उचलून धरायचा म्हणजे लोंबत नाही. डोळा बोटानं मिटवून पापणीच्या वरच्या कडेला हलकं ताणायचं. बारीक हालचाल सुरू झाली की आरसा. शांत खोलीत बसायचं, भुवई हळू उचलायची, नाक आक्रसायचं, दात न दाखवता कोपऱ्यातनं हसायचं. एका वेळी एकच हालचाल, कमी जोरात. चार-पाच वेळा झालं की थांबायचं. चांगली बाजू जास्त ओढाय लागली की तिच्यावर बोट ठेवून तिलाच दाबायचं. हसताना डोळा बारीक होतोय का ते बघायचं, होत असेल तर हसू अजून लहान करायचं. लोकांना हे व्यायाम वाटतच नाहीत, घाम येत नाही ना.

ताई, पप्पांना सांगा क्लॅरनेट सध्या पेटीत. कायमचं नाही, सध्या.

एक_वैद्य
आयुर्वेदाच्या बाजूनं मी लिहितो, नाहीतर काकूंना वाटेल सगळे एकाच बाजूचे. अर्दित नावानं हा विकार वातव्याधींत सांगितलाय, त्यात नस्य (नाकात औषधाचे थेंब), मूर्ध्नितैल (डोक्यावर तेल) असे उपक्रम आहेत. मी ते करतो. पण पहिल्या तीन दिवसांत माझ्याकडं कुणी आला तर मी त्याला आधी वरच्या डॉक्टरांसारख्यांकडं पाठवतो आणि मग माझं चालू ठेवतो. जो म्हणतो "त्या गोळ्या बंद करा तरच माझं औषध लागू पडेल" त्याच्याकडं जाऊ नका, मग तो वैद्य असो नाहीतर गावातला औषधवाला. आणि शुगरच्या पेशंटच्या गालाला कडक शेक देऊ नका, भाजतं आणि कळत नाही.

मंगळवार_पेठेतल्या_काकू
हे पटलं. असं नीट सांगितलं की पटतं.

पुण्यातला_कोल्हापुरी
अवांतर : हे बेल कोण? घंटेचा काही संबंध?

ईएनटी_वाला
सर चार्ल्स बेल, स्कॉटिश सर्जन, १८२१ मध्ये त्यांनी चेहऱ्याच्या नसेवर लिहिलं. वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांची चित्रंही काढली. हात चित्रकाराचा होता, चेहऱ्यावरच्या भावांची शरीररचना हा त्यांचा आवडता विषय.

गडहिंग्लजकर
चित्रकार म्हटल्यावर कोल्हापूरचाच म्हणायला पाहिजे.

क्लॅरनेटवाल्याची_लेक
धागा वर आणतेय. मधे बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, सगळ्यांना एकदमच सांगते.

गोळ्यांचा कोर्स झाला. शुगर मधे चांगलीच चढली होती, डॉक्टरांनी गोळी वाढवली, आता परत जाग्यावर. आत्या रागावली होती, तिला वैद्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग म्हणाली बरं रविवारचं राहू दे, नुसता जोतिबाला नारळ ठेवून येते. ते चालवून घेतलं.

तिसरा आठवडा संपता संपता सकाळी आरशासमोर बसले होते आणि मला हाक मारली. भुवई नाही, ओठ नाही, नाकाची उजवी कड थोडी हलली. मला तर दिसली पण नाही, त्यांनाच कळली. मग हळूहळू पापणी. आता डोळा जवळपास मिटतो, चिकटपट्टी बंद, मलम चालू. कुकरचा त्रास गेला. रश्श्याला चव आली.

फुंकण्याचं मात्र अजून जमत नाही. "प" म्हणताना हवा निसटते. गुपचूप पेटी उघडून एकदा बघितलंच त्यांनी, सूर लागायच्या आधी उजव्या कोपऱ्यातनं फुस्स. तोंड एवढंसं झालं. बँडच्या मालकांनी चांगुलपणा केला, सीझनभर झांज दिलीय, गणवेश तोच, मानधन थोडं कमी. पप्पा म्हणतात झांजवाल्याकडं कोण बघतंय, सगळे नवरदेवाकडं बघतात.

प्रश्न फिजिओ ताईंना, क्लॅरनेट कधी धरायचं?

फिजिओ_सांगलीची
तिसऱ्या आठवड्यात हालचाल आली ही खूप चांगली गोष्ट, असे पेशंट बहुतेक छान सुधारतात. क्लॅरनेटसाठी तारीख देत नाही. आधी दोन्ही ओठ मिटून गालात हवा धरता आली पाहिजे, ती या गालातनं त्या गालात फिरवता आली पाहिजे, आणि तेव्हा उजवा डोळा बारीक होता कामा नये. हे जमलं की नुसतं तोंडाकडचं टोक, आख्खं वाद्य नाही, मऊ पत्ती लावून, आरशासमोर, दोन-तीन मिनिटं. ओठ थकला की बंद. वरातीत तीन-तीन तास वाजवणं हे सगळ्यात शेवटी. एकदा त्यांना वाद्यासकट घेऊन या, मला ओठ कसा धरतात ते बघायचंय. वाजवणारा पेशंट मला नवीनच आहे.

ईएनटी_वाला
आणि ३ महिने झाल्यावरही बाजू पूर्ण आली नाही तर परत तज्ज्ञांना दाखवाच. तेव्हा नसेची तपासणी, गरज वाटली तर एमआरआय. हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं वाकडं होत गेलेलं तोंड किंवा अजिबातच न सुधारणारं तोंड हे बेल्स नसू शकतं, कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीत गाठ असू शकते. पप्पांचं तसं वाटत नाही.

अर्धा_हसलेला
मलाही जरा विचारायचं होतं. डोळा मिटायचा त्रास इतक्या वर्षांनी कमी होतो का?

फिजिओ_सांगलीची
होतो. त्याच आरशाच्या व्यायामांनी थोडा होतो, आणि जास्त असेल तर बोटॉक्सचं इंजेक्शन त्या नेमक्या स्नायूत अगदी कमी मात्रेत देतात. काही महिने टिकतं, परत घ्यावं लागतं. फक्त हिरॉइनींसाठी नसतं ते.

रंकाळ्याचा_राजा
भावा घे तू बोटॉक्स, आन् नाव बदल "पूर्ण हसलेला"

कागलकर_नवीन
नमस्कार. शोधत शोधत इथं आलो. माझ्या मेव्हण्याचं तोंड तासाभरापूर्वी वाकडं झालंय, वय ४८, बीपी आहे. बेल्स पाल्सीच वाटतंय, वरची लक्षणं जुळतात. कोल्हापुरात चांगला फिजिओ कोण? कपाळावर आठ्या पडतात, हात जरा जड वाटतोय म्हणतो पण ते बहुतेक झोपेत दबल्यामुळं.

मेडिकलवाला_शाहूपुरी
फिजिओ सोडा. १०८ लावा. आत्ता.

ईएनटी_वाला
कागलकर, आठ्या पडतात आणि हात जड आहे, हे बेल्स समजू नका. स्ट्रोक धरून चाला. खायला-प्यायला काही देऊ नका, घरातली कुठली गोळी पण नको, बीपीची जास्तीची सुद्धा नको. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहा, दवाखान्यात पहिलं तेच विचारतील. झोपेतनं उठल्यावर कळलं असेल तर शेवटचे ठीक होते ती वेळ लिहा. सीटी स्कॅन असलेल्याच दवाखान्यात न्या. ॲम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर गाडी काढा.

कागलकर_नवीन
गाडी काढली. बायको वेळ लिहाय लागलीय.

पेठकर
हायवेनं या सरळ, गावातनं येऊ नका, आज बाजार हाय.